आईपेक्षा लेक म्हातारी

"बाई, आधी हिच्या तोंडात पाहा, मंग यांच्या तोंडाकडे पाहा, आन् सांगा खोटं कोन बोलते ते!"

दवाखान्याच्या पायरीवर माझा चहा अजून अर्धाही झाला नव्हता. समोर एक तांबडी गाय उभी होती. तिच्या नाकपुड्यांत बोटं घालून एका लठ्ठ गृहस्थानं तिचं तोंड वर केलं होतं. मागच्या बाजूला एक उंच, काठीसारखा ताठ गृहस्थ तिची शेपटी धरून उभा होता. दोघांना ती अर्धी अर्धी वाटून घ्यायची आहे की काय, असं वाटावं. गाय मात्र माझ्या चहाकडे बघत होती.

यवतमाळकडच्या एका आडवळणाच्या तालुक्यात गुरांची डॉक्टर म्हणून लागून मला सात महिने झाले होते. लोक मला 'डॉक्टरीनबाई' म्हणत आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या वासुदेवला हळूच विचारत, 'येते का हिला?' वासुदेव दवाखान्याचा परिचर. वीस वर्षांत त्यानं सहा डॉक्टर पाहिले होते. तो उत्तर द्यायचा, "शिकून राह्यली."

त्या दिवशी त्यानंच मला कानात सगळं सांगितलं. लठ्ठ ते हिवरधऱ्याचे लटारी देवाळकर. ताठ ते खैरदऱ्याचे उकंडराव बोढे. दोघं एकमेकांचे व्याही. वैशाखात लटारीजींच्या पुरुषोत्तमाचं आणि उकंडरावांच्या शेवंताचं लग्न झालं. उकंडरावांनी लेकीसोबत ही गाय दिली. दुसऱ्या वेताची, पाच वर्षांची, असं चार लोकांत सांगून दिली.

"पाच वर्षांची!" लटारीजी म्हणाले. "तीन महिन्यांत गाय लंगडाले लागली. कडबा चावता येत नाई. म्हनून तोंड उघडून पाह्यलं, तं आत काय? माह्या आजीचे दात! म्या म्हनलं, व्याही, तुमची गाय घेऊन जा. तं हे काय म्हन्ते, पुसा."

उकंडरावांनी मान न वळवता सांगितलं, "दिली ते जोडी. परत नेईन तं जोडीच."

"आन् नेली ना! परवा पोरीले घेऊन गेले. आता गाय न्यायले आले, तं म्या म्हनलं, आधी डॉक्टरीनबाईचा कागद घेऊ."

म्हणजे माझ्या हातात गायीच्या वयासोबत एका मुलीचं सासरही होतं. खरं सांगते, मला त्याची भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. दातांवरून जनावराचं वय ओळखण्यात मी कॉलेजात पहिली आले होते आणि सात महिन्यांत हे कुणीच मला विचारलं नव्हतं.

मी खालचा ओठ ओढला. समोरचे दात झिजून हिरड्यांना टेकले होते. दोन तर नुसते खुंट. वर तपकिरी डाग.

"बारा," मी म्हटलं. "कमी नाहीच."

लटारीजींनी गायीचं नाक सोडून दोन्ही हात आभाळाकडे केले. उकंडरावांनी फक्त एवढंच विचारलं, "बाई, हे दातंच सांगतात का?"

"दात खोटं बोलत नाहीत."

मी कागदावर लिहिलं, सही केली आणि 'डॉ. कु. सुनंदा वानखडे' असा शिक्का इतक्या जोरात मारला की खालच्या कागदावरही उमटला. उकंडराव गाय घेऊन निघाले. जाता जाता त्यांच्या हातातला कासरा पडला. तो त्यांनी वाकून उचलला नाही. पायाच्या अंगठ्यात धरून वर घेतला. मला ते भारी तोऱ्याचं वाटलं.

"पाह्यलं?" लटारीजी म्हणाले. "लग्नातही असेच. व्याही-भेटीत माणूस जरासा तं वाकते! हे आपले खांबावानी उभे."

सगळे गेल्यावर वासुदेवनं माझा गार झालेला चहा ओतून दिला. तो म्हणाला, "शिंगं पाह्यली का बाई?"

"का?"

"दोनच वळे होते. एका वेताले एक वळं. बारा वर्षांत गाय दोनदाच व्याली?"

"घासली असतील कुणी."

"घासली तं खूण राह्यते," एवढं बोलून तो झाडू मारायला लागला. त्या दिवशी तो दोन तास झाडू मारत होता.

मंगळवारी एक तरणा मुलगा सायकल घेऊन आला आणि दारातच घुटमळला. हा पुरुषोत्तम, नवरदेव.

"बाई, बारा म्हंजे बराबर बाराच का? थोडं इकडे तिकडे?"

"किती इकडे?"

"सातेक वर्ष."

मला हसू दाबता येईना. मग कळलं, की स्वारी रोज संध्याकाळी खैरदऱ्याला जाते. बापाला सांगते, सायकलच्या चाकात हवा भरायला.

"हिवरधऱ्यात पंप नाही?"

"हाय ना," तो लाजून म्हणाला. "पन तिकडची हवा चांगली."

दोन दिवसांनी मला खैरदऱ्याला जायचंच होतं. घटसर्पाच्या लसी टोचायच्या होत्या. गावाच्या मधोमध हापशी होती. तिच्याशेजारी दगडी टाकं बांधलेलं, त्यावर गुरं पाणी पीत होती. मी सुई टोचायची, वासुदेव गुरं धरायचा. मनात ती दोन वळी वळवळत होती, म्हणून मी सहज एका गायीचा ओठ ओढून पाहिला. दहा-अकरा वर्षं. दुसरी पाहिली, बारा. तिसरा बैल होता, त्याचे दात पाहून तर मला त्याला नमस्कार करावासा वाटला.

"या गावात तरणं जनावर नाही का हो?" मी विचारलं.

मालक चिडला. "बाई, हा तीन सालाआधी वासरू होता. याचा गोऱ्हा केला मीच, बैल केला मीच. म्हातारा कोन्त्या दिवशी झाला?"

तासाभरात गावभर झालं, की डॉक्टरीनबाई सुई टोचते आन् जनावर म्हातारं करते. दोघांनी आपल्या गायी घरात नेऊन दाराला कडी घातली.

तेवढ्यात विशीतली एक मुलगी पदर खोचून समोर आली. हिरवा चुडा अजून हातात होता. "तुम्हीच का त्या शिक्केवाल्या बाई? मी शेवंता. तुमच्या बारा वर्षांपायी माहेरी बसली."

मी काही बोलायच्या आत तिनं माझा हात धरला आणि मला आपल्या गोठ्यात नेलं. तिथं ती तांबडी गाय होतीच. तिच्या शेजारी एक पांढरट, कातडी लोंबलेली, हाडं वर आलेली गाय रवंथ करत होती.

"हिची सांगा," शेवंता म्हणाली.

मी ओठ ओढला. दात झिजलेले होते, पण सरळ, पांढरे, एकही डाग नाही. "आठ. फार तर नऊ."

"हे तिची माय आहे," शेवंता म्हणाली. "चवदा वर्षांची. मी शाळेत जायच्या आधी घरात आली. आता तुम्हीच सांगा बाई, माय आठ वर्षांची आन् लेक बारा वर्षांची कशी?"

वासुदेव मागे खोकला. मी खाली बसले ती शेणातच.

कॉलेजच्या जाड पुस्तकात एक पान होतं. परीक्षेला येत नाही म्हणून मी ते सोडून दिलं होतं. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर वाढत्या वयातले दात आतूनच कच्चे येतात, तपकिरी होतात, लवकर झिजतात. आधीच पूर्ण आलेल्या दातांना तेवढं काही होत नाही. सांधे मात्र सगळ्यांचेच धरतात. मी शेवंताला विचारलं, "गावात हापशी कधी लागली?"

"आठ वर्षं झाली. माह्या मंदीएवढीच."

मंदी म्हणजे तिची धाकटी बहीण मंदा. ती दारामागून बघत होती. मी शेणात बसलेली पाहून तिला हसू आलं होतं, पण हात तोंडावर घट्ट. शेवंतानं तो हात बाजूला केला. समोरचे चार नवे दात नुकते आलेले आणि त्यांच्यावर गायीच्या दातांसारखेच तपकिरी पट्टे.

"वर्गात सगळ्याइचेच असे आहेत," मंदा म्हणाली. "सातवीतल्या पोरींचे नाई. त्या आमाले 'कातवाल्या' म्हन्तात."

मग शेवंता सावकाश म्हणाली, "म्हंजे गाईची गोष्ट गाईपुरती नाई."

उकंडराव ओसरीत बसले होते. मी सरळ जाऊन सांगितलं, "माझं चुकलं. गाय पाच वर्षांचीच आहे."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ऐकलं का वो?" त्यांनी आत हाक दिली. "बाईले चहा ठेव! साखर हात सोडून टाक!" कौसल्याबाई, त्यांच्या पत्नी, हसतच चहा घेऊन आल्या. उकंडरावांनी चहा बशीत ओतत विचारलं, "मंग दात कशानं गेले जी?"

"पाण्यानं."

"कोन्त्या पान्यानं?"

"हापशीच्या."

त्यांच्या हातातली बशी तोंडाशी जाता जाता थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"गाय बारा वर्षांची हाय," ते म्हणाले.

"अहो, पण आत्ताच..."

"तुमचा कागद बराबर हाय. शिक्का हाय त्याच्यावर. मी खोटं बोललो, बस. लटारीले सांगून द्या."

मला काहीच कळेना. शेवंता मला वेशीपर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं सांगितलं. पूर्वी गाव नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी प्यायचं. विहीर लांब, पायऱ्या शेवाळलेल्या. कौसल्याबाई सात महिन्यांच्या पोटुशी असताना तिथून घसरल्या. पोटातला मुलगा गेला. त्यानंतर उकंडराव जिल्ह्याच्या ऑफिसात खेटे घालू लागले. सत्तावीस वेळा गेले. शेवटी साहेबानं बोअर मंजूर केली ती कंटाळून. पहिलं पाणी वर आलं त्या दिवशी त्यांनी गावाला गूळ वाटला. त्याच साली मंदा झाली.

"बाबा तिले हापशीची पोर म्हन्तात," शेवंता म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, ते कसं मानतीन?"

मी हिवरधऱ्याला गेले. लटारीजींना म्हटलं, कागद परत द्या, माझी चूक झाली.

"चूक? शिक्का हाय याच्यावर!" त्यांनी कागद कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला. "व्याही मानते का?"

"नाही. ते म्हणतात गाय बाराच वर्षांची."

"मंग!"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघा व्याह्यांचं एकमत झालं होतं आणि तेही माझ्या चुकीवर. वाटेत मी वासुदेवला म्हटलं, "आता काय करायचं?" तो म्हणाला, "शिकून राह्यल्या तुम्ही."

वाट काढली पुरुषोत्तमानं. बापाला तो म्हणाला, "आबा, तुमच्यावानी दात पाहनारा तालुक्यात नाई. त्या बाईले काय येते? खैरदऱ्याले चाला आन् गावासमोर दाखवून द्या." लटारीजींना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं जड गेलं.

सकाळी हापशीपाशी अख्खा गाव जमला. लटारीजींनी बाह्या सारल्या. पहिल्या गायीला अकरा सांगितले, दुसरीला तेरा. मग शेवंतानं एक काळी गाय पुढे आणली. लटारीजींनी तोंडात पाहिलं, जीभ बाजूला केली, पुन्हा पाहिलं. "चवदा. इच्यात आता काय राह्यलं?"

"मामाजी," शेवंता डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "हे पहिलारू हाय. हे तिचं पहिलं वासरू, नऊ दिवसांचं."

कुणीतरी फिसकन हसलं. लटारीजी वासराकडे बघू लागले. वासरानं त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला.

"चवदा वर्षांपर्यंत कालवड होती का मंग?" वासुदेवनं अगदी भोळेपणानं विचारलं आणि अख्खा गाव हसला. तरण्या बायका, म्हातारे खदखदून हसत होते. पण पुढे ओळीनं बसलेली लहान पोरं हसली ती तोंडावर हात धरून. एकूण एक.

लटारीजी हसत नव्हते. माणूस बढाईखोर होता, पण डोळे तल्लख. ते पोरांच्या पुढ्यात उकिडवे बसले. एकाचा हात बाजूला केला. दुसरीचा केला. गुरांची पारख करण्याच्याच सवयीनं त्यांनी हनुवटी धरून तोंडं पाहिली, एक एक करून. मग मंदापाशी आले आणि थांबले.

"व्याही," ते मागे न बघता म्हणाले, "इचे दात पाहून कोनी इले म्हातारी म्हनन तं मी मानीन का? नाई माननार. ते आठ वर्षांचीच आहे ना?"

उकंडराव गर्दीच्या मागे उभे होते. "आठ," ते म्हणाले.

"मंग मले कायले खोटं सांगता, की गाय बारा वर्षांची हाय?"

उकंडराव पुढे आले. मंदाजवळ जाऊन त्यांना खाली बसायचं होतं, पण गुडघे दुमडेनात. एका हातानं हापशीचा खांब धरून ते अर्धेच वाकले आणि तिथंच अडकले. कौसल्याबाईंनी धावत जाऊन त्यांना कमरेला धरलं.

"वाकता कुठं येते यायले," त्या लटारीजींना म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. जोडाही मीच घालून देतो. लग्नात सांगू देत नव्हते, लोक म्हनतीन पोरीचा बाप अपंग हाय."

लटारीजींनी खिशातून माझा कागद काढला, चार तुकडे केले. फाडताना शिक्का मात्र त्यांनी जपून अर्धा फाडला, माझ्याकडे बघत.

उकंडराव मला म्हणाले, "बाई, पानी उकळून प्यालं तं?"

"नाही. पाणी आटतं, हे तिथंच राहतं. उलट दाट होतं."

"फडक्यानं गाळलं तं?"

"नाही."

"तुरटी फिरवली तं?"

मी मान हलवली. तेही हलवणार होते बहुतेक, पण मानही वळत नव्हती.

मी हापशीची एक बाटली आणि विहिरीची एक बाटली, दोन्ही जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथल्या साहेबानं मला फोनवर सुनावलं, की तुम्ही गुरांच्या डॉक्टर, गुरांपुरतं पाहा. मी म्हटलं, साहेब, गुरांसाठीच पाठवलंय, माणसांनी प्यायलं तर त्यांची मर्जी. 

तोवर विहीर उपसायला घेतली. आठ दिवस गाळ निघत होता. हिवरधऱ्याहून लटारीजी मोट ओढायचा दोर आणि स्वतःची बडबड घेऊन आले. पुरुषोत्तम पहाटेच यायचा आणि विहिरीपेक्षा सासऱ्याच्या ओसरीवर जास्त दिसायचा. सगळ्यांत आधी पायऱ्यांना लोखंडी कठडा बसला. तो उकंडरावांनी बसवून घेतला, स्वतः वर उभं राहून, प्रत्येक गज हलवून बघत. नवव्या दिवशी शेवंता सासरी गेली. गायही गेली. हिवरधऱ्यात लटारीजी तिला भरडा भिजवून घालू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "पाच वर्षांची आहे. दातावर जाऊ नका. दातात काय ठेवलं?"

पण खैरदऱ्यातली हापशी चालूच होती. विहीर लांब, हापशी दारात. मी गेले की बाया कळशी पदराआड करायच्या आणि मी वळले की दांडा वाजायचा. बोलू कुणाला? ज्याचं पोटातलं मूल त्या विहिरीपायी गेलं होतं, त्यालाच मी गावाला 'विहिरीवर जा' असं सांगायला लावणार होते.

दोन महिन्यांनी अहवाल आला. विहिरीचं पाणी चांगलं. हापशीच्या पाण्यात चालतं त्याच्या चौपटीहून जास्त फ्लोराइड. मी तो खैरदऱ्याला जाऊन उकंडरावांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला. आकडा दोनदा विचारला. "बरं," म्हणाले आणि आत निघून गेले. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडते तर उकंडराव पायरीवर उभे. खैरदऱ्याहून सहा मैल चालत आले होते. खांद्यावर हापशीचा लांब लोखंडी दांडा होता. दोन्ही हातांनी धरलेला, ग्रीसनं सदरा काळा झालेला. खांदा सोलून निघाला असावा. पण त्यांनी तो खाली ठेवला नाही, माझ्यासाठी थांबले.

"कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

"अहो, हा सरकारी आहे. तुम्ही काढला कसा?"

"लावला तेव्हा मीच पाना धरला होता. मले माहीत हाय कसा निघते."

वासुदेवनं पुढे होऊन दांडा घेतला आणि औषधांच्या कपाटामागे उभा केला. उकंडराव दारातच होते. मी त्यांना बसा म्हटलं. त्यांना बसता येत नव्हतं, हे मला मागाहून आठवलं. ते चौकटीला टेकले आणि पहिल्यांदा मी त्यांना दमलेले पाहिलं.

"कपाटाले कुलूप घाला बाई," ते म्हणाले. "गावात कोनी मागितला तं देऊ नका. मी मागितला," त्यांनी ग्रीसचा हात सदऱ्याला पुसला, "मी मागितला तं अजिबात देऊ नका."